अण्णांची येझदी आणि नव्वद नंबरी जेट

आमच्या ऑफिसात ‘लीन’ हा कौतुकाचा शब्द आहे. टीम लीन, प्रोसेस लीन, बजेट तर लीनच लीन. अप्रेझलच्या वेळी बॉस ‘तुझी टीम एकदम लीन चालते हं’ म्हणाला की पुढचे दोन दिवस आपण जमिनीपासून चार बोटं वर!

त्यामुळे जुन्या जालन्यातल्या त्या गॅरेजात चाचांनी माझ्या गाडीचा प्लग काढला, उजेडात धरला आणि ‘लीन चल रई थी’ असं म्हटलं, तेव्हा ते गाडीचं नाही, माझं वाभाडं काढतायत हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. त्या लीनपायी घरी अण्णांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

थोडं रीवाइंड करते.

गाडी अण्णांची. येझदी २५०, मॉडेल १९७४चं. अण्णांनी ती १९८५ मध्ये सेकंडहॅण्ड घेतली, जालन्याच्या एका बियाण्याच्या व्यापाऱ्याकडून. अण्णा तेव्हा झेडपीच्या शाळेत नवे नवे मास्तर होते. पुढे भोकरदन, जाफराबाद, अंबड अशा बदल्या होत गेल्या आणि प्रत्येक वेळी ऑर्डर अण्णांच्या नावाची निघाली तरी बदली दोघांची झाली. मी टाकीवर बसून बालवाडीत गेलेय. आमच्या गल्लीत घड्याळाची गरज नव्हती. सव्वानऊला येझदी ‘डुगडुग’ करत निघाली की आया पोरांना शाळेत पिटाळायच्या.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडा जीके. म्हैसूरला आयडियल जावा नावाची कंपनी होती. १९६१ पासून ती झेक बनावटीच्या जावा मोटरसायकली इथे बनवायला लागली. १९७३ पासून त्यांचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. २०२२ मध्ये येझदी नाव बाजारात परत आलं खरं, पण ती फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनवाली मॉडर्न पोरगी. आमची म्हातारी २४८.५ सीसीची टू-स्ट्रोक. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. किक आणि गिअर एकाच दांडीत, म्हणजे दांडी आत दाबून उभी केली की किक, परत आडवी केली की गिअर. पेट्रोलमध्ये ऑइल आपल्या हाताने मिसळायचं. आमच्याकडे लिटरला चाळीस मिली.

अण्णांचे गुडघे कुरकुरायला लागले तशी गाडी पडवीत गेली. दहा वर्षं तिच्यावर जुनी सतरंजी आणि सतरंजीवर मांजर. आणि जालन्यात पडून राहिलेलं लोखंड म्हणजे काय, हे जालनेकरालाच विचारा! आमच्या एमआयडीसीत देशभरातलं भंगार येतं, भट्टीत वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. आई दर दिवाळीला साफसफाई करताना एकच वाक्य म्हणायची, ‘‘द्या ना ती गाडी. कुणाच्या तरी स्लॅबला सळई होईल.’’

मी पुण्याहून फोनवर घोषणा केली, गाडी मी सुरू करणार. इंजिनीअर आहे की नाही मी? (कॉम्प्युटर इंजिनीअर. पण ते बारीक अक्षरात.) अण्णांना इंप्रेस करायला हेही सांगितलं की, २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी सरकारदरबारी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण तशी नोंदवलेली गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच काढायची. अण्णा म्हणाले, ‘‘म्हणजे गाडी आहे आणि चालवायची नाही? मग ते व्हिंटेज त्यांचं त्यांच्याकडेच राहू दे बाई.’’

मग मी शॉपिंग केलं. नाना पेठेत स्पेअर पार्ट्सच्या दुकानांतून फिरणं हा साड्यांच्या दुकानाइतकाच धोकादायक प्रकार आहे, हे मला तेव्हा कळलं. जुना कार्बोरेटर झेक पद्धतीचा जिकोव्ह, त्याची स्लाइड झिजून ढिली झालेली. एका दुकानात त्याच्या जागी बसणारा नवाकोरा, चकचकीत, २४ मिलिमीटरचा डुप्लिकेट कार्बोरेटर मिळाला. ‘‘मॅडम, डायरेक्ट फिट. काही करायला नको.’’ सोबत डब्यातल्या जुन्या फिल्टरऐवजी गोल कोनासारखा उघडा फिल्टर. आणि गंजलेल्या सायलेन्सरच्या जागी सेम टू सेम दिसणारी नवी जोडी, जिच्या आत बॅफल नावापुरतं होतं. आवाज काय सॉलिड यायचा!

दिवाळीच्या सुट्टीत गाडी सुरू झाली. नुसती सुरू झाली नाही, उधळली. ॲक्सिलरेटर दिला की तीर! अण्णा म्हणाले, ‘‘आपली गाडी कधी अशी पळायची नाही.’’ मी ते कौतुक समजले. गाडी सिग्नल देत होती, पण मला ते वाचता येत नव्हते. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लगेच खाली यायचं नाही, क्षणभर वरच रेंगाळायचं. मधेच कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा शिंकल्यासारखा आवाज यायचा. मला वाटलं, म्हातारी उत्साहात आहे.

पाडव्याच्या सकाळी आम्ही दोघं राजूरच्या गणपतीला निघालो. जालन्याहून पंचवीसेक किलोमीटर. अण्णांच्या तरुणपणीच्या अर्ध्या चतुर्थ्या त्या रस्त्यावर गेलेल्या. थंडी छान होती, दोन्ही बाजूंनी फुटलेला कापूस, रस्ता मोकळा. टॉप गिअर, ॲक्सिलरेटर बराच वेळ एकाच जागी धरलेला. एकदम आवाज बसला, जसा बोलता बोलता कुणाचा गळा दाटून यावा. पुढच्या सेकंदाला मागचं चाक जाम!

‘‘क्लच!’’ अण्णा मागून ओरडले.

मी क्लच दाबला, पण उशिरा. गाडी वेडीवाकडी होत साइडपट्टीच्या मुरमात गेली आणि आडवी झाली. हेल्मेट दोघांच्या डोक्यावर होती. मला खरचटलं. अण्णांनी पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. कापसाचा एक टेम्पो थांबला, त्यात अण्णा पुढे, मी आणि येझदी मागे, असे आम्ही जालन्यात परत आलो. तो अर्धा तास मी कापसाच्या गाठोड्यावर बसून गाडीच्या गरम इंजिनाकडे बघत होते. एक शब्द सुचला नाही.

आईचा निकाल त्याच संध्याकाळी लागला. ‘‘उद्या भंगारवाल्याला बोलवा.’’ मीही मान हलवली. खरं सांगते, मला ती गाडी नजरेसमोर नको होती. ती दिसली की अण्णांचं मनगट दिसायचं. अण्णा मात्र म्हणाले, ‘‘गणित चुकलं म्हणून पाटी फोडत नाहीत. आधी कुठं चुकलं ते काढ. मग भंगारात घाल, मी अडवणार नाही.’’

म्हणून चाचा. कुंडलिकेच्या अलीकडे, जुन्या जालन्यात त्यांचं गॅरेज. म्हणजे एक पत्रा, एक बाकडं आणि तीन पिढ्यांच्या गाड्या. चाचांनी आधी प्लग बघितला. पांढराफटक. मग सिलिंडर उतरवला. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. मग माझा चकचकीत कार्बोरेटर उलटा करून खालची वाटी उघडली आणि आतून एक पितळी खिळ्यासारखी वस्तू स्क्रू-ड्रायव्हरने काढून माझ्या तळहातावर ठेवली. मेन जेट. त्यावर बारीक अक्षरात आकडा, ९०.

‘‘ये चार स्ट्रोकवाली गाडी का खाना है बेटा,’’ चाचा म्हणाले. ‘‘उपर से फिल्टर खोल दिया, सायलेन्सर खोल दिया. हवा दुगनी, खाना आधा. हवा खाके पेट भरता क्या?’’

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पितळी तुकड्याने इंजिन जाम होतं? होतं. जेट म्हणजे मापात पाडलेलं एक छिद्र, बाकी काही नाही. इंजिन हवा ओढतं, त्या हवेबरोबर किती पेट्रोल जायचं ते हे छिद्र ठरवतं. हवा वाढवली आणि छिद्र तेवढंच ठेवलं की मिश्रण पातळ होतं. त्यालाच लीन म्हणायचं. लीन मिश्रणाने इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो. टू-स्ट्रोकमध्ये दुहेरी मार, कारण इंजिनाचं ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. आणि सगळ्यात वाईट गोष्ट कोणती? थोडी लीन झालेली गाडी आधी जोरात पळते. हलकी वाटते, चटकन उचलते. जाम होण्याच्या आधीचे चार-आठ दिवस ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात भारी गाडी असते.

हे ऐकल्यावर मला सोमवारी ऑफिसात आमच्या टीमकडे वेगळ्या नजरेने बघावंसं वाटलं, ते सोडा.

पुढचे तीन महिने माझे विकेण्ड ठरले. शुक्रवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स, शनिवारी सकाळी जालना, रविवारी रात्री परत. मैत्रिणींना वाटलं, माझं तिकडे काहीतरी ‘चालू’ आहे. चालू नव्हतं, हाच तर प्रॉब्लेम होता.

लेथवाल्याकडे सिलिंडरला बोअर मारला, पॉइंट पंचवीस ओव्हरसाइज पिस्टन टाकला. चाचांनी क्रँकची दोन्ही सील बदलली, इंजिन आणि कार्बोरेटरमधलं पॅकिंग बदललं. म्हणाले, हवा चोरून कुठून येते ते आधी बंद कर. घरात चोर असताना खर्चाचा हिशोब जुळत नाही. पिस्टन नवा, म्हणून पहिले काही शे किलोमीटर रमतगमत चालवायची. तीही सुरुवातीला चाचाच चालवत होते. माझा हात ॲक्सिलरेटरवर गेला की थरथरायचा.

मग सुरू झालं जेटिंग. त्याचा पहिला नियम, उलट्या दिशेने जायचं. आधी गरजेपेक्षा जास्त खाऊ घालायचं, मग एकेक घास कमी करायचा. जास्त पेट्रोलने गाडी जड चालते, धूर काढते, प्लग काळा करते, पण पिस्टन मरत नाही. कमी पेट्रोलने मरतो. म्हणून आम्ही १४० पासून सुरुवात करून खाली यायचं ठरवलं.

दुसरा नियम मला इंजिनीअर म्हणून फार लागला. आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. जेटच्या नंबराचा अर्थ सगळीकडे एक नसतो. काही कंपन्या छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात लिहितात, काही मिनिटाला किती सीसी द्रव जातो ते लिहितात. शिवाय व्यास थोडा वाढला तरी छिद्र बरंच मोठं होतं. १.०० चा १.१० मिलिमीटर केला, तर क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं. त्यात डुप्लिकेट माल. मी दोन वेगवेगळ्या दुकानांतून १२० नंबरचे दोन जेट आणले होते. शंका आली म्हणून इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजला खाली जेट लावला, ५० मिली पाणी भरलं आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. एकाला ५२ सेकंद लागले, दुसऱ्याला ५९. नंबर एकच! अण्णा प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून आकडे वहीत उतरवत होते, उजव्या हाताने, रकाने आखून. म्हणाले, ‘‘एकाच बाकावरची दोन पोरं. हजेरीत दोघंही हजर, आणि एक खिडकीतून बाहेर बघायलाय.’’

मग आम्ही सगळे जेट असेच मोजले आणि सेकंदांच्या क्रमाने लावले. चाचांना यादी दाखवली. ते हसले आणि म्हणाले, ठीक आहे, पण शेवटी साक्ष प्लगचीच.

ती साक्ष अशी काढतात. जानेवारीतली सकाळ, कारण थंड हवा दाट असते. थंडीत पेट्रोल पुरलं तर उन्हाळ्यात कमी पडत नाही. रिकामा सरळ रस्ता हवा. समृद्धी महामार्ग जालन्याला खेटून जातो, पण त्यावर टू-व्हीलरला बंदी आहे, त्यामुळे आम्ही आपला आतला एक फाटा धरला. नवा प्लग लावायचा, गाडी गरम करायची, पूर्ण ॲक्सिलरेटरवर थोडं अंतर काढायचं आणि तसंच, ॲक्सिलरेटर न सोडता, इग्निशन बंद करून क्लच दाबायचा. गाडी आपोआप थांबेल तिथे प्लग काढून रंग वाचायचा. पांढरा म्हणजे उपाशी. काळा, काजळी धरलेला म्हणजे अजीर्ण. हवा तो बिस्किटासारखा तांबूस.

पहिल्या वेळी चालवायला चाचा पुढे झाले. दुसऱ्या वेळी त्यांनी चावी माझ्या हातात दिली. ‘‘दो उंगली क्लच पे. हमेशा.’’ टू-स्ट्रोकवाल्यांचा हा मंत्र आहे. मला तो पाडव्याआधी माहीत असता तर? त्या दिवशी माझी दोन बोटं क्लचवर इतकी घट्ट होती की, संध्याकाळी जेवताना भाकरी मोडता येईना.

१४० वर प्लग काळा. १३५ वर काळपट. १३० वर आतून कडेने तांबूस व्हायला लागला. आमच्या सेकंदांच्या यादीतला एक जेट, ज्यावर लिहिलेलं १२५ होतं पण सोडत होता १३० पेक्षा जास्त, तो आम्ही बाद केला. खरा १२५ टाकला तर रंग फिकट झाला. म्हणून परत १३०. पण तेवढ्याने संपत नाही. मेन जेटचं राज्य फक्त शेवटच्या पाव ॲक्सिलरेटरवर. मधल्या पट्ट्यात नीडल नावाची निमुळती सुई काम करते. तिच्या मानेवर पाच खाचा, तिसरीतली क्लिप चौथीत नेली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. अगदी सुरुवातीला, गल्लीतून हळू जाताना पायलट जेट आणि एअर स्क्रू. पायलट २५ चा होता, तो ३५ केला. एअर स्क्रू दीड फेरा बाहेर. हे आकडे आमच्या गाडीचे आहेत, तुमच्या गाडीला लावू नका. तुमचा फिल्टर वेगळा, सायलेन्सर वेगळा, डुप्लिकेटही वेगळं.

तेही जमलं, असं वाटलं तोवर चाचांनी पेट्रोलचा मुद्दा काढला. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच छिद्रातून तेवढंच पेट्रोल गेलं तरी मिश्रण आधीपेक्षा लीन होतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते, वीस टक्केवाल्याला साडेतेरा पुरते. नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर हे सांभाळून घेतो. १९७४ च्या गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे आपणच. अण्णा हसत म्हणाले, ‘‘ऊस आपल्या अंबड-घनसावंगीचा, आणि उपाशी आपलीच गाडी.’’ चाचांनी पेट्रोलची जुनी रबरी नळीही बदलली, कारण इथेनॉलने जुनं रबर फुगतं, नरम पडतं. आणि ताकीद दिली, टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवायचं नाही, ते पाणी ओढतं.

आवाजाचाही हिशोब केला. त्या पोकळ सायलेन्सरमध्ये लेथवाल्याकडून पूर्ण लांबीचं बॅफल बनवून घातलं, उघडा फिल्टर काढून जुना डबा परत लावला. म्हणजे हवा परत कमी झाली, म्हणजे जेटिंग परत पहिल्यापासून! मी कपाळाला हात लावला. चाचा म्हणाले, ‘‘खाना हवा के हिसाब से.’’ त्यांनी हे रागावून म्हटलं नाही. तीन महिन्यांत एकदाही रागावले नाहीत. शेवटी ११५ वर थांबलो. सॉलिड आवाज गेला आणि जुनी डुगडुग आली.

त्या सकाळी मी प्लग रुमालात गुंडाळून घरी आणला आणि अण्णांच्या हातात ठेवला. प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते, पण मनगट अजून पूर्ण वळत नव्हतं. अजूनही वळत नाही. डॉक्टर म्हणतात, या वयात तेवढं राहणार. अण्णांनी चष्मा लावून प्लग बघितला, खिडकीशी नेऊन बघितला, आणि चहाबरोबरचं पार्ले-जी त्याच्या शेजारी धरलं.

‘‘पास,’’ ते म्हणाले.

मी म्हटलं, ‘‘अण्णा, मी एकटी जाऊन येते राजूरला. तुम्ही मागे बसायलाच पाहिजे असं नाही.’’

अण्णा काही बोलले नाहीत. चपला घालायला लागले. मला वाटलं, आई आता सुरू होणार. आई स्वयंपाकघरातून आली, दोन्ही हेल्मेट घेऊन. अण्णांच्या गळ्याखालचा पट्टा तिने स्वतः लावला, कारण त्यांना डाव्या हाताने तो अजून जमत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘साठच्या वर नाही.’’

चाळीसच्या वर गेलेच नाही. पाडव्याला पडलो त्या जागी मुरमात अजून एक लांब चर दिसत होता. तिथून जाताना मागून अण्णांचा उजवा हात माझ्या खांद्यावर आला आणि राजूरपर्यंत तिथेच राहिला. माझी दोन बोटं क्लचवरच होती. नव्वद नंबरचा तो जेट मी फेकला नाही. पुण्यात ऑफिसच्या टेबलावर, मॉनिटरच्या खाली ठेवलाय. परवा मीटिंगमध्ये बॉसने विचारलं, टीम अजून थोडी लीन करता येईल का? मी म्हटलं, आधी प्लग बघते.

त्याला काही कळलं नाही. टीममधल्या दोघांची रजा मात्र मी त्याच दिवशी मंजूर केली.